मिठा गॅस

"फ्रिजचा गॅस संपला" असं कोणी म्हणालं की माझं टाळकं सटकतं. आजही. हात थरथरतात म्हणून धंदा सोडून कितीतरी वर्षं झाली, पण गल्लीतली एखादी सून दारात येते आणि म्हणते, "काका, आमच्या फ्रिजचा गॅस संपला वाटते," की मी वसकन तिच्या अंगावर जातो. "संपत नसते वं तो! गेला म्हण. आन कुठून गेला ते पाहा आधी!" ती बिचारी माझ्या बायकोकडं पाहते. बायको म्हणते, "जाऊ दे पोरी, त्यायचं तसंच आहे."

तसंच आहे खरं. हा एक शब्द मी एकदा खोटा वापरला आणि त्यापायी एक माणूस मेला. किंवा त्यापायी मेला नसेलही. तेच तर मला आजवर कळलं नाही.

साठ ते सत्तरच्या मधली ही गोष्ट. तेव्हा नागपुरात फ्रिज म्हणजे बंगल्यातली चीज, आमच्या वस्तीत कोणी पाहिलेलाही नव्हता. मी सदरमध्ये एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकलो आणि पंचविशीत स्वतंत्र फिरायला लागलो. सायकलच्या हँडलला पिशवी, तीत पाने, तांब्याच्या नळीचे तुकडे, साबणाची डबी, आणि मागे कॅरिअरला बांधलेला गॅसचा छोटा सिलिंडर. निम्म्याहून जास्त काम जुन्या विलायती मशीनचं असायचं. गोरे लोक जाताना आपले फ्रिज इथंच टाकून गेले, आणि ते कामठीच्या छावणीतल्या लिलावातून फिरत फिरत वकिलांच्या, डॉक्टरांच्या, रिटायर झालेल्या अधिकाऱ्यांच्या घरी पोचले. चार माणसांनी उचलावे इतके जड. खाली मोटर, मोटरीवरून एक पट्टा कॉम्प्रेसरला.

आजच्यासारखा बिनवासाचा गॅस त्यांच्यात नसायचा. पुष्कळांत मिथाइल क्लोराइड असायचा, आमच्या भाषेत मिठा गॅस. नाकाला गोडसर लागायचा, पण इतका हलका की लक्ष नसेल तर कळायचंही नाही. उस्तादानं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "बे, गोड आहे म्हणून हुंगत बसू नको. आधी खिडक्या उघड, मग नट उघड. याची नशा चढते, डोकं फिरते, उलट्या होतात. बंद खोलीत जास्त झाला तं माणूस झोपते तो उठत नाही."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला काय ठाऊक! बिचारा-फिचारा काही नाही. चांगलं ठाऊक होतं.

धरमपेठेत एका आडगल्लीत ते घर होतं. कडुनिंबाचं झाड, समोर व्हरांडा, मागे अंगण. साहेब जंगल खात्यातून रिटायर झालेले, बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं. एका एप्रिल महिन्यात त्यांच्या फ्रिजचं बोलावणं आलं: बर्फ जमत नाही, लोणी पातळ राहतं. फ्रिज घराच्या ऐन मधल्या खोलीत होता, जिथं ते जेवायचे. जाड भिंतींची, दोन खिडक्यांची खोली. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणत्याही घरात अशी एक खोली असते, जिथं दुपारी अख्खं घर जाऊन पडतं.

मी खिडक्या उघडल्या आणि कामाला लागणार तेवढ्यात साहेब खुर्ची ओढून समोर बसले. त्यांना विचारायची भारी हौस.

"मिस्त्री, हे गार कसं होतं ते आधी सांगा. कळल्याशिवाय हात लावू देणार नाही."

मला असले प्रश्न आवडायचे. कोणी विचारतच नसे. मी म्हणालो, "साहेब, हे मशीन गारवा बनवत नाही. आतली गरमी उचलते आन मागं फेकून देते. मागं हात लावून पाहा."

त्यांनी फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला आणि झटकन काढला. "अरेच्चा, गरम आहे!"

"तेच तं. सुई टोचायच्या आधी डॉक्टर दंडाले स्पिरिट लावते, तेव्हा गार लागते की नाही? स्पिरिट उडून जाताना अंगातली गरमी घेऊन जाते. इथंही तसंच. हा गॅस आतल्या नळीत पातळ होऊन येते, तिथं उडते, उडताना दुधाची, भाजीची, पाण्याची गरमी उचलते. मग कॉम्प्रेसर त्याले दाबते. दाबला की तो तापते. तापलेला मागच्या जाळीत जाते, तिथं गरमी टाकून देते आन पुन्हा पातळ होते. पुन्हा आत. दिवसभर हेच."

साहेब खूश झाले. बोटानं हवेत गोल काढून पाहिला त्यांनी. आणि मग त्यांनी मला धरलं.

"मग मिस्त्री, हा गॅस जळत नाही, खर्च होत नाही, नुसता आतल्या आत फिरतो. तर कमी कसा झाला?"

शंभर घरांत मी काम केलं असेल, हा प्रश्न मला एकाच माणसानं विचारला. आणि त्याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं बूच, जिथं बसतं तिथं तेलाचा ओशट डाग पडला होता. जिथून तेल पाझरतं तिथून गॅस जातो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पुस्तक. सील बदलायचं म्हणजे ते कलकत्त्याहून मागवायचं, मशीन अख्खं खोलायचं, दोन-चार दिवस त्यांचा फ्रिज बंद. एप्रिल होता. सीझन. त्याच दुपारी मला आणखी तीन घरं गाठायची होती. आणि भोक कोण बुजवत होतं तेव्हा? सगळे मिस्त्री गॅस भरून मोकळे होत, लोकही म्हणत, गॅस संपला, भरून द्या. रॉकेल संपतं, तेल संपतं, तसा गॅस संपतो. सगळ्यांच्या सोयीचा शब्द होता तो.

मी म्हणालो, "जुना झाला की संपते जी."

साहेबांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. आयुष्य जंगलात काढलेला माणूस, त्याला पटलं नसणारच. पण भला माणूस होता, कारागिराला खोटं पाडणं त्याच्या जिवावर आलं असेल. "असं," एवढंच म्हणाले.

मी गॅस भरला. मग फडकं घेतलं आणि तो तेलाचा डाग स्वच्छ पुसून टाकला. खिडक्या लावायचं काम बाईंनी केलं, ऊन वर यायला लागलं होतं. जाताना त्यांनी मला चहा दिला, स्वतःच्या कपाच्या जोडीतल्या कपातून. आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतल्याला तेव्हा काही वर्षंच झाली होती, आणि कोणत्या घरात आपला कप वेगळा ठेवलेला असतो हे मला दारातच कळायचं. त्या घरात तसं नव्हतं. म्हणूनच हे सगळं जास्त लागतं मला.

पुढच्या एप्रिलात पुन्हा निरोप आला. दार बाईंनीच उघडलं. कपाळ मोकळं.

"हे गेले, मिस्त्री. मागच्या नवतप्यात. ऊन लागलं."

मेच्या शेवटचे ते नऊ दिवस आमच्याकडं असे असतात की ऊन लागून माणूस गेला म्हटलं तर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही. "लय वाईट झालं जी," म्हणालो आणि आत गेलो. खिडक्या उघडल्या, सीलपाशी पाहिलं. डाग पुन्हा आला होता, मागच्यापेक्षा मोठा. आणि मी काय केलं? गॅस भरला आणि डाग पुसला. हातही झडले नाहीत माझे. घाई होती, सीझन होता, बाई एकट्या होत्या, त्यांना कशाला दोन-चार दिवस खोळंबा! असली शंभर कारणं असतात माणसाजवळ.

महिना-दीड महिन्यात, ऐन नवतप्यात, फ्रिज पुन्हा गार होईना म्हणून बाईंनी शेजाऱ्यांकरवी बोलावलं. भर दुपारी गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरोघरी खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. बराच वेळ कडी वाजवल्यावर दार उघडलं. बाई चौकटीला धरून उभ्या होत्या. पदर एकीकडं, डोळे तारवटलेले. शाळेत शुद्ध मराठी शिकवणारी बाई, पण शब्द जड जड येत होते.

"या. मला थोडं ऊन लागलंय बघा. दोन दिवस डोकं गरगरतं. डॉक्टर म्हणाले, गार खोलीत पडून राहा, हलू नका."

त्या मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. अंधार, दारंखिडक्या बंद. फ्रिजच्या समोरच त्यांची खाट टाकलेली. खाटेजवळ पन्ह्याचा पेला, उशाशी कांदा. आणि मी नाकानं श्वास घेतला.

बाई माझ्याकडंच पाहत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "येतो ना वास तुम्हालाही?"

माझी नजर फ्रिजकडं गेली.

"मोहाचा आहे. हे दौऱ्यावरून यायचे ना चैत्रात, कपड्यांना असाच वास असायचा. मोहाच्या झाडाखाली तंबू टाकायचे. दारात आले की आधी वास यायचा, मग हे." त्या खाटेवर बसल्या. "हे आजारी होते तेव्हाही या खोलीत हाच वास होता. शेवटच्या दिवशी तर फार. मला तेव्हाच कळलं होतं, हे पूर्ण जाणार नाहीत म्हणून. आता रोज दुपारी येतात. मी डोळे मिटले की खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. तिथं बसतात. तुम्ही आला होतात तेव्हा बसले होते, तिथंच."

उस्तादाचे शब्द एकेक करून आठवले. नशा चढते, डोकं फिरते, उलट्या होतात.

"साहेबाले काय काय झालं होतं, बाई?"

"आधी नुसती गुंगी. चालताना तोल जायचा. मी चेष्टा केली, मोहाची घेऊन आलात की काय! मग उलट्या. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय. आम्ही यांना इथं आणून झोपवलं, सगळ्यात गार खोली म्हणून. तीन दिवस इथून हलू दिलं नाही."

आमच्या गावाशिवाय ही चूक कुठं होणार? दुसरीकडं माणूस गरगरला तर त्याला वाऱ्यावर नेतात. आमच्याकडं मे महिन्यात गरगरला की ऊनच लागलेलं असतं, आणि ऊन लागलं की त्याला घरातल्या सगळ्यात बंद खोलीत कोंडतात. त्याच खोलीत मी मिठा गॅस भरून गेलो होतो. शेजारच्या खोलीत वाळ्याचा कूलर होता, बाहेरची हवा आत ढकलणारा. तिथं झोपवला असता तर कदाचित वाचला असता तो माणूस. पण त्या घरघरीत आजाऱ्याला झोप लागत नाही म्हणून इथं आणलं.

मी ताडकन उठलो आणि दोन्ही खिडक्या भाडकन उघडल्या. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आत आली.

"अहो, लू येईल!" बाई ओरडल्या.

"येऊ द्या!" मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. "बाहेर व्हा या खोलीतून! आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा!"

एका मास्तरीणबाईंवर, त्यांच्याच घरात, मी असा ओरडलो. त्या हबकल्या आणि मुकाट्यानं व्हरांड्यात जाऊन बसल्या. मी त्यांना सांगितलं की मशीन बिघडलंय, त्याचा धूर आहे, बरा नाही, आज रात्री पुढच्याच खोलीत झोपा. फ्रिजचा प्लग काढला आणि सगळ्या नटांवर साबणाचा फेस लावून पाहिला. सीलपाशी फेसाचे बुडबुडे येत होते, एकामागून एक, सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हमाल घेऊन गेलो आणि फ्रिज मागच्या अंगणात काढला. बाईंचं डोकं रात्रीतून बरंच उतरलं होतं, बोलणंही जागेवर आलं होतं. उरलासुरला गॅस मला सोडून द्यायचा होता. तेव्हा आम्ही सगळे गॅस हवेतच सोडायचो, त्यात काही पाप आहे हे कोणाला माहीत नव्हतं. मी वाऱ्याची दिशा पाहिली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि नट सैल केला. फुस्स झालं.

पाठीमागून बाईंचा आवाज आला. "आले."

वळून पाहिलं तर त्या मागच्या पायरीवर उभ्या. डोळे मिटलेले, मान वर. इतका शांत चेहरा मी माणसाचा क्वचितच पाहिला असेल. मी ओरडलो, "आत जा, बाई! दूर व्हा म्हणतो ना!" त्या हलल्या नाहीत. उघडं आवार होतं, वारा होता, गॅस फार नव्हता, त्यांना काही होणार नव्हतं. तरी मी ओरडत राहिलो, कारण मला ते पाहवत नव्हतं. ज्यानं नवरा नेला त्याला ती बाई नवरा समजून छातीत भरून घेत होती, आणि हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

आवाज थांबला. थोड्या वेळानं वासही गेला. बाईंनी डोळे उघडले.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हणालो. तोंडातून निघून गेला शब्द.

"हो. गेला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचे काही दिवस मी त्या मशीनवर जीव ओतला. नवं सील मागवलं, तेल बदललं, व्हॉल्व्ह बदलला आणि त्यात नवा गॅस भरला, आर-बारा. त्याला वास नाही, विषही नाही म्हणायचे. तो गळतोय का हे पाहायला आमच्याकडं एक दिवा असायचा. गॅस लागला की त्याची निळी ज्योत हिरवी होते. मी तो दिवा प्रत्येक जोडावर तीन-तीनदा फिरवला. ज्योत निळीच राहिली. जे काम पहिल्या एप्रिलात करायचं ते मी एक माणूस गेल्यावर केलं.

बाई ठणठणीत बऱ्या झाल्या. फ्रिजही असा चालला की लोणी दगडासारखं व्हायचं. मी दर एप्रिलला बोलावणं नसताना जायचो आणि दिवा फिरवून पाहायचो. बाई चहा द्यायच्या आणि दर वेळी, एकदा तरी म्हणायच्या, "आता येत नाहीत हो हे." तक्रार नाही, काही नाही. घरातलं मांजर दिसत नाही असं सांगावं तसं.

मी आत्मा मानत नाही. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा भूत, आत्मा, श्राद्ध सगळं घराबाहेर काढलं, आणि मला ते पटलेलं आहे. पण मला कोणी सांगा, चैत्र लागला की कन्हानकडून येणाऱ्या एखाद्या गाडीवानाच्या गोणीतून मोहाचा वास यायचा आणि मी सायकलवरून का उतरायचो? मी सायकल भिंतीला टेकवून उभा राहायचो. खुर्ची ओढल्याचा आवाज मीही ऐकलाय. मला तर कोणता गॅस चढला नव्हता.

चार-पाच वर्षं मी असा गप्प राहिलो. मग एका एप्रिलात बाईंनीच चहाचा कप माझ्यापुढं ठेवून विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर एवढे ओरडला होतात. काहून?"

शाळेतल्या बाई, कधी 'काहून' म्हणायच्या नाहीत. माझ्या बोलीत विचारलं त्यांनी. मला वाटलं, हीच वेळ. सांगून टाकू आणि सुटू. खरं सांगतो, त्यांच्यासाठी नाही सांगितलं मी. मला सुटायचं होतं.

मी सगळं सांगितलं. मिठा गॅस काय असतो. सीलपाशी तेलाचा डाग होता, मी तो पाहिला होता, पुसला होता. साहेबांनी बरोबर प्रश्न विचारला होता आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो होतो. मोहाचा वास नव्हता तो. साहेबाले ऊन लागलं नसेल, बाई. कदाचित लागलंही असेल, मले माहीत नाही, कोणालेच माहीत नाही. पण वास माझा होता. मी भरलेला होता.

बोलताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी वाट पाहत होतो, त्या मला शिव्या देतील, हाकलून देतील, पोलिसांत जाईन म्हणतील. मला तेच हवं होतं.

बाईंनी समोरच्या खुर्चीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "खिडकी उघड म्हणाले होते हे."

मला कळलं नाही. "काय जी?"

"दुसऱ्या दिवशी. सारखं म्हणत होते, खिडकी उघड, जीव घाबरा होतोय. उठायलाही निघाले होते. मी दटावलं. म्हटलं, लू येईल, डॉक्टरांनी सांगितलंय, पडून राहा. दोन्ही खिडक्यांना मी आतून चादरी लावल्या, फटीतून झळ यायला नको म्हणून." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मीच लावल्या होत्या खिडक्या, मिस्त्री."

"नाही जी, बाई, तुमची काय चूक, तुमाले काय माहीत... माहीत मले होतं..." मी काय काय बरळलो कोण जाणे. त्यांनी ऐकलं की नाही तेही कळलं नाही.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "गार होतोय."

मी सुटायला गेलो आणि माझ्या डोक्यावरचं उचलून तिच्या डोक्यावर ठेवून आलो. पाच वर्षं त्या बाईजवळ निदान एका वासाची आठवण होती, एक खुर्ची होती. मी तेही नेलं. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो होतो तेव्हा मी भित्रा होतो, हे मला मान्य. पण तोंड उघडलं तेव्हा मी काय होतो, त्याला मला आजवर शब्द सापडलेला नाही.

त्याच वर्षी नवतप्यात एका कामावरून परतताना मी मुद्दाम त्या गल्लीतून सायकल काढली. दुपारचा एक-दीड वाजला असेल. डांबर पाघळत होतं. दोन्ही बाजूंच्या घरांच्या झाडून साऱ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. फक्त बाईंचं घर सताड उघडं. पुढच्या, मधल्या, मागच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या खिडक्या उघड्या, दारंही उघडी. लू घरातून आरपार वाहत होती, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. बाई मधल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, चेहरा लालबुंद, पदर डोक्यावर घेतलेला.

मी सायकल टाकली आणि फाटकातूनच हाक मारली, "बाई! खिडक्या लावा जी! ऊन लागन!"

त्यांनी मान वळवली. मला ओळखलं. आवाज अगदी नेहमीचा होता.

"लागू द्या, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "निदान मला तरी खरं लागेल."

मी फाटकाशी उभा राहिलो. कडी काढून आत जायची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं सायकल उचलली आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, चेहरा काहून असा? मी म्हणालो, काही नाही, ऊन लागलं.